उनाड पोरांना शेतावर टाका, म्हणे

आमच्याकडे गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमानी आले, ओटीवर चार माणसं टेकली की एक विषय हमखास निघतो. पोरं बिघडली. कुणाचा तरी भाचा गांजासकट सापडला, कुणाच्या मुलाने दहावीआधीच शाळा सोडली आणि आता नाक्यावर पडीक असतो, कुणाला बाप नाही आणि आईचं ऐकत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, अरे एवढी जमीन ओसाड पडलीय कोकणात, सरकारने शंभर एकर घ्यावी आणि ह्या असल्या पोरांना तिथे नेऊन ठेवावं, पहाटे पाचला उठवायचं, चिखलात उतरवायचं, लावणी करून घ्यायची, सहा महिन्यांत सुतासारखी सरळ होतील. सगळे माना डोलावतात, चहाचा दुसरा कप येतो, विषय संपतो.

मला शेताबद्दल काही वाईट बोलायचं नाहीये, मी पण लावणी केलीय आणि चिखलाने माणूस बिघडत नाही एवढं मला कळतं. पण ही आयडिया नवीन नाही. पावणेदोनशे-दोनशे वर्षं जुनी आहे, जगातल्या कितीतरी सरकारांनी करून बघितलीय, आणि बहुतेक ठिकाणी ती एकाच वाटेने बिघडत गेलीय. पोरं इतकी लांब नेली की त्यांना बघायला कुणी जाऊ शकत नव्हतं, आणि ते शेत चालायचं त्याच पोरांच्या फुकट मजुरीवर. कोकणात ह्या दोन्ही गोष्टी आयत्या तयार आहेत म्हणून मला जास्त भीती वाटते.

सुरुवात बघायची तर फ्रान्समध्ये जावं लागतं. तूर शहराजवळ मेत्रे नावाच्या गावी १८४० मध्ये देमेत्झ नावाच्या एका न्यायाधीशाने मुलांची शेतकी वसाहत सुरू केली. माणूस वाईट नव्हता, उलट त्या काळातला भला माणूस. मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात टाकू नये एवढंच त्याला वाटत होतं. त्याने भिंतच बांधली नाही. चाळीसेक मुलांचं एक 'कुटुंब', त्याला एक घर, एक कुटुंबप्रमुख, थोरले भाऊ म्हणवणारे मदतनीस, आणि दिवसभर शेतीचं काम. मातीने माणूस सुधारेल आणि माणसाने माती, असं त्यांचं ब्रीद. ओटीवर बसून आपण जे म्हणतो तेच, फक्त फ्रेंचमध्ये. युरोपभरातून मोठमोठे लोक बघायला आले आणि खूश होऊन गेले.

आता ह्यातली खरी गंमत ऐका. मेत्रेला येणारी बरीचशी मुलं कोर्टाने निर्दोष सोडलेली असायची! तेव्हाच्या फ्रेंच कायद्यात सोळाच्या खालच्या मुलाने समज नसताना काही केलं असं ठरलं तर त्याला शिक्षा नाही, पण आईबापाकडे द्यायचं की सुधारणा करायला कुठेतरी पाठवायचं हे कोर्ट ठरवणार, आणि पाठवलं तर पार विसाव्या वर्षापर्यंत ठेवता यायचं. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असता तर कदाचित लवकर सुटला असता असा पोरगा, निर्दोष ठरला म्हणून आठ वर्षं अडकला. आणि आईबापाकडे कोण परत जायचं? ज्याच्या आईबापाकडे काहीतरी होतं तो. पुढे १८५० ला फ्रान्सने कायदाच केला की अशा मुलांसाठी शेतकी वसाहती काढा, आणि मग ठिकठिकाणी निघाल्या, खासगी पण आणि सरकारी पण. मेत्रेत शिक्षेच्या कोठड्याही होत्या. शेवटी १९३७ मध्ये ती बंद झाली, तोपर्यंत तिचं नाव ऐकून फ्रान्समधल्या पोरांना घाम फुटायचा.

पण आपण समुद्रकाठची माणसं, म्हणून मला मेत्रेपेक्षा बेल-ईलची गोष्ट जास्त लागते. हे ब्रिटनीच्या किनाऱ्यासमोरचं बेट. तिथे १८८० पासून सरकारची स्वतःची वसाहत होती, शेतकी आणि दर्यावर्दी दोन्ही, म्हणजे अर्धी पोरं शेतात आणि अर्धी होड्या, शिडं, मासेमारी शिकायला. कागदावर वाचलं तर कुठल्याही कोकणी माणसाला वाटेल की वा, असं काहीतरी आपल्या हर्णैला, मालवणला हवं. ऑगस्ट १९३४ मध्ये एका रात्री जेवताना एका पोराने सूपच्या आधी चीजचा तुकडा तोंडात घातला. नियम होता आधी सूप. पहारेकऱ्यांनी त्याला झोडपला. तिथून दंगा पेटला आणि पन्नासच्या वर पोरं भिंत ओलांडून बेटावर पळाली. बेटावरून पळून जाणार कुठे! तर पकडून देणाराला मुलामागे २० फ्रँक बक्षीस लागलं, आणि ऑगस्ट म्हणजे तिकडचा सुट्टीचा सीझन, समुद्र बघायला आलेले टुरिस्ट लोक गावकऱ्यांबरोबर पोरं शोधायला निघाले. सहलीला आलेली माणसं! ह्या बातमीने फ्रान्स हादरला, पेपरांनी मोहीम चालवली, आणि हळूहळू ह्या वसाहतींचे दिवस भरत आले.

मी ह्याच्यावर जास्त वेळ थांबतोय कारण मला त्या टुरिस्टांपेक्षा गावकऱ्यांचं जास्त वाटतं. पन्नास वर्षं बाजूला राहणारी माणसं, रोज त्या पोरांना शेतात, होडीवर बघणारी. त्यांना ती पोरं आपली कधी वाटलीच नाहीत, ती 'तिथली' पोरं होती. सरकारने बाहेरून आणून टाकलेली पोरं गावाला कधी आपली वाटत नाहीत. उद्या आपल्या वाडीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, असं काही निघालं आणि कुणाच्या बागेतून दहा आंबे गेले तर पहिलं बोट कुणाकडे जाईल ते सांगायला नको.

अमेरिकेतलं फ्लोरिडाचं उदाहरण तर अगदी परवापरवापर्यंत चालू होतं. मारियाना गावात १ जानेवारी १९०० ला सरकारी सुधारशाळा सुरू झाली, चौदाशे एकर जमीन, शेती, गुरं, वीटभट्टी. तीन वर्षांत, १९०३ ला, सरकारच्याच तपासणीत मुलं पायात बेड्या घातलेली सापडली. रिपोर्ट झाला. मग पुढे अनेक वेळा तपासण्या झाल्या, अनेक रिपोर्ट झाले, आणि शाळा बंद झाली २०११ मध्ये. शंभर वर्षांहून जास्त! शाळा चुकवली, घरी ऐकत नाही, अशा कारणांसाठी पण मुलं यायची. गोरी मुलं एका बाजूला, काळी दुसऱ्या बाजूला, आणि शेतातलं अंगमेहनतीचं काम मुख्यतः काळ्यांकडे. बंद झाल्यावर साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांनी तिथली दफनभूमी खणली तेव्हा ५५ थडगी निघाली, वर क्रूस होते फक्त ३१. बाकीच्यांच्या वर साधी खूण पण नव्हती. २०१७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने माफी मागितली, तोपर्यंत तिथे मार खाल्लेली पोरं सत्तरीला टेकली होती.

कुणी म्हणेल ही मारकुट्या माणसांची गोष्ट आहे, चांगली माणसं नेमा. चांगली माणसं नेमावीच, पण प्रश्न हिशेबाचा पण आहे. आयर्लंडमध्ये औद्योगिक शाळा, म्हणजे पोरांना तिथेच ठेवून घेणाऱ्या संस्था, धर्मसंस्था चालवायच्या आणि सरकार डोक्यागणिक अनुदान द्यायचं. जितकी डोकी तितके पैसे, आणि शेतात राबायला हात फुकट. मग पोरगा लवकर घरी जावा असं त्यात कुणाला वाटणार? २००९ ला तिथल्या चौकशी आयोगाचा रायन रिपोर्ट आला त्यात स्पष्ट दिसलं की बहुतेक मुलं गुन्ह्यासाठी आलेलीच नव्हती, घरची गरिबी, आई एकटी, बाप नाही, ह्यासाठी आलेली होती. लेटरफ्रॅक नावाची त्यातली एक शाळा पार पश्चिम किनाऱ्याकडच्या डोंगराळ ओसाड भागात, जिथे गरीब आईला भेटायला जाणं परवडायचंच नाही. न्यूझीलंडमध्ये २०२४ ला रॉयल कमिशनचा रिपोर्ट आला, १९५० पासून सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखरेखीखाली साधारण २ लाख मुलं आणि मोठी माणसं छळली गेली असा त्यांचा अंदाज, आणि त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. एवढी मोठी आणि सुधारलेली म्हणवणारी राष्ट्रं, आणि सगळीकडे माफी मागायची वेळ त्या पोरांचे केस पांढरे झाल्यावर.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे हे इंग्रजांबरोबर आलं. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक आणि सुधार संस्था निघाली, ती आजही माहीमला आहे. १८६६ ला मेरी कार्पेंटर ही इंग्लंडमध्ये अशा सुधारशाळा चालवणारी बाई हिंदुस्थानात आली, तुरुंगात मोठ्या कैद्यांबरोबर पोरं बघून तिने सरकारच्या मागे लकडा लावला, आणि १८७६ ला सुधारशाळांचा कायदा झाला, मग १८९७ ला तो नव्याने केला. त्या १८९७ च्या कायद्यात होते फक्त मुलगे, पंधरा वर्षांच्या आतले, आणि ठेवायची मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. कमीत कमी तीन! म्हणजे बाजारात चार आण्याची चोरी केली तरी तीन वर्षं घर बंद. मुंबईचा मुलांचा कायदा १९२४ ला आला, त्यात भटकणारी, भीक मागणारी, निराधार मुलं पण घेतली. हेतू बरा होता, पण तिथून पुढे चोरी केलेला पोरगा आणि ज्याला फक्त कुणी नाही असा पोरगा एकाच व्हॅनमध्ये बसायला लागले. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने दोघांचे दरवाजे वेगळे केले तरी चौकशी होईपर्यंत ठेवायची जागा एकच राहिली, पुरती फारकत २००० च्या कायद्यानंतर. आणि लोकांच्या डोक्यात ती अजून झालेलीच नाहीये. गिरणगावात वाढलेल्या आमच्या कितीतरी नातेवाईकांनी लहानपणी ऐकलंय, 'डोंगरीला टाकीन हां'. डोंगरीचं रिमांड होम म्हणजे उमरखाडीचा जुना तुरुंग. त्या दारातून आत गेलेल्या पोराने काय केलं होतं हे कुणी विचारत नसे, तो डोंगरीचा झाला एवढं पुरे.

आता ओटीवरची मंडळी इथे एक हुकमाचं पान काढतात. 'दो आँखें बारह हाथ'. शांतारामबापूंनी दाखवलंय ना, सहा खुनी कैदी शेती करून माणसात आले! बरोबर, आणि त्यामागे खरी गोष्ट पण आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमाराला राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश माणसाच्या मदतीने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत काढली, आणि ती आजही कारागृह खात्याकडे चालू आहे. पण नीट बघा ना तिथे काय होतं. कैदी प्रौढ माणसं. आणि बायकामुलं तिथे बरोबर राहू शकतात. आमच्या ओटीवरच्या योजनेत ह्यातलं एकही नाही, आपण तर पोराला आईपासून तोडून न्यायचं म्हणतोय. नॉर्वेत बास्टॉय नावाचं बेट आहे, तिथे १९०० पासून मुलांसाठी सरकारी सुधारगृह होतं, १९१५ ला पोरांनी बंड केलं ते मोडायला लष्कर आणावं लागलं. आज त्याच बेटावर मोठ्या कैद्यांचं खुलं कारागृह आहे, ते पण शेती करतात, गुरं सांभाळतात, आणि तिथे जायला मिळावं म्हणून कैदी स्वतः अर्ज करतात. बेट तेच, माती तीच.

खरं तर आपल्या कोकणात घरगुती पातळीवर हा प्रकार पहिल्यापासून चालूच आहे. मुंबईत पोरगा बिघडला की त्याला गावी आजीकडे पाठवायचा, गावी बिघडला की मुंबईला मामाकडे. मी असे किती बघितलेत. त्यातले सगळे सुधारले असं मुळीच नाही, पण काही सुधारले, आणि का सुधारले ते बघायला पाहिजे. आजी ओरडायची तशी लाड पण करायची. वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं हा अमक्याचा नातू. लावणीला उतरला तर सगळं घर उतरलेलं असायचं, ते भात वर्षभर तो पण खायचा. आणि अगदीच नाही जमलं तर एसटीत बसून परत जायची सोय होती. सरकारी शेतावर ह्यातलं काय देणार तुम्ही? फक्त लावणी?

बरं, कोकणातल्या शेतीचं गणित तरी ह्यात बसतं का? आमच्याकडे माणसं मिळत नाहीत म्हणून जमीन पडीक आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी गुरखे, बोटींवर खलाशी नेपाळी, लावणीला मजूर शोधत फिरा. अशा ठिकाणी पन्नास-साठ धडधाकट पोरं एका सरकारी आवारात ठेवली की काय होईल ते कळायला आयोग नको. आंब्याच्या सीझनला बाजूच्या बागायतदाराचा फोन येणार, साहेब जरा दहा पोरं पाठवता का, शिकतील पण. पहिल्या वर्षी शिकायला जातील, दुसऱ्या वर्षी ती सवय होईल, तिसऱ्या वर्षी अधीक्षकाला सीझन संपेपर्यंत एकही पोरगा घरी पाठवायला नको वाटेल. मी कुणा एकाला वाईट म्हणत नाहीये, ज्याला मजूर मिळत नाही त्याच्या हातात फुकट मजूर दिला की हे होणारच. चौदाच्या आतल्या पोराला तर कामाला लावायलाच २०१६ पासून सरसकट बंदी आहे, घरच्या कामात शाळा सांभाळून हातभार लावला तर तेवढी सूट, पण 'श्रमसंस्कार' असा बोर्ड लावला की कोण विचारतो.

मग पोरं नाक्यावर सोडायची का असा प्रश्न येईल. नाही. काही पोरं घरात राहूच शकत नाहीत, बाप दारू पिऊन मारतो, किंवा घरच नाही, त्यांच्यासाठी राहायची जागा लागणारच आणि ती सरकारनेच चालवली पाहिजे. पण ती सड्यावर नको, तालुक्याच्या गावात हवी, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशी. वीसेक पोरं, जास्त नकोत. शाळा आवारात काढायची नाही, गावातल्या शाळेत किंवा आयटीआयला इतर पोरांबरोबर जाऊ दे. शेतीची आवड असेल आणि वय बसत असेल तर जाऊ दे की कलमं बांधायला शिकायला, दापोलीला १९७२ पासून अख्खं कृषी विद्यापीठ आहे, पण काम केलं तर मजुरी त्याच्या नावावर बँकेत. आणि वाडीतलं कुणीही, शिक्षक, आशाताई, सरपंच, न सांगता जाऊन पोरांशी बोलू शकलं पाहिजे.

आणि जास्तीत जास्त पोरांना तर तिथवर जायचीच गरज नसते. आपल्याच किनाऱ्यावर ह्याचा धडा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी पोरांना पकडून वसतिगृहात कोंडलं नाही, गुरं चरतात तिथे शाळा नेली. कुरणशाळा. पोरगा आपल्या गुरांबरोबर, आपल्या रानात, संध्याकाळी आपल्या घरी, आणि शाळा त्याच्यामागे. आपल्या सरकारी डोक्याला हे पचायला अजून जड जातं, कारण इमारत दिसत नाही, उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला दरवाजा नाही.

तसंच आजच्या काळातलं म्हणजे बाल संगोपन योजना. बाप गेला, आई आजारी आहे, आईबाप तुरुंगात आहेत अशा मुलाला संस्थेत न घालता नातेवाईकांकडे किंवा आईकडेच ठेवायचं आणि महिन्याला २२५० रुपये द्यायचे, आधी ११०० होते. थोडे आहेत, पण आठवीतल्या पोराला बोटीवर पाठवायचं की शाळेत, हा निर्णय बऱ्याच घरांत एवढ्या पैशांवरच अडलेला असतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पण लिहिलंय की संस्था हा शेवटचा उपाय. पण ह्या योजनेसाठी बाल कल्याण समितीचा आदेश लागतो, समिती जिल्ह्याच्या गावी, आणि आमचा रत्नागिरी जिल्हा असा लांबुळका की मंडणगडच्या एकट्या बाईला पोराला घेऊन रत्नागिरीला जायचं म्हणजे अख्खा दिवस, एक मजुरी बुडाली, दोघांचं तिकीट, आणि एखादा कागद कमी पडला की परत एकदा. दोन फेऱ्यांत ती कंटाळते आणि पोरगा हर्णैला जाळी ओढायला लागतो, मग दोन वर्षांनी तोच ओटीवरचा विषय होतो.

शंभर एकर मागण्यापेक्षा जिल्हाधिकाऱ्यांकडे हे मागा. कायद्याप्रमाणे समितीला महिन्यातून किमान वीस दिवस बसावंच लागतं. त्यातले दोन दिवस दापोलीला आणि दोन चिपळूणला बसा, तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधी लावा, आणि कागद कमी असेल तर तो ग्रामसेवकाने आणून द्यायचा, बाईने नाही.